आधी तिचं ताट बघा

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण कुणाला उद्देशून वापरतो ते इथं सांगत नाही, नातेवाईक समोर बसलेत. पण गॅस्ट्रोपॉड या ग्रीक नावाचा अर्थही अगदी तोच: पोट हाच पाय. पावसाळ्यात आपल्या सोसायटीच्या भिंतीवर चढते त्या गोगलगायीची समुद्रातली, शंख टाकून दिलेली भावंडं, म्हणजे समुद्री गोगलगायी, बुडी मारून बघायला कुठं जायचं ते सांगतो. त्यातल्या न्यूडिब्रँक, म्हणजे उघड्या कल्ल्यांच्या गटातच ३००० च्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात. बऱ्याच बोटाच्या पेरापेक्षा लहान.

मला नेहमी विचारतात, ‘‘स्कुबाला मालदीव कसं?’’ आपल्या डोळ्यासमोर समुद्र म्हटलं की निळंशार, नितळ पाणी. मांटा रे हे भलेमोठे मासे बघायचेत तर खुशाल जा. गोगलगायीसाठी मात्र आधी विचारायचं, हिला खायला काय लागतं आणि ते कुठं उगवतं?

कारण खाण्याच्या बाबतीत ही भलतीच चोखंदळ. काही जाती स्पंज खातात, तेही ठरावीकच. काही हायड्रॉइड नावाचे प्राणी खातात. दिसायला पिसासारखे, हात लागला तर आग होते. एओलिड गटातल्या गोगलगायी तर त्यांच्या डंखपेशी न फुटू देता गिळतात आणि पाठीवरच्या बोंडांच्या टोकाशी साठवून स्वतःच्या बचावाला वापरतात. चोरीची हत्यारं! काही जणी दुसऱ्या गोगलगायींनाच मटकावतात. म्हणून चांगला गाईड गोगलगाय शोधत बसत नाही, तिचं ताट शोधतो. बालीत तुलांबेनला आमच्या गाईडनं शेवाळाच्या एका मळकट पानावर टॉर्च धरला. मला काहीच दिसेना. भिंग लावलं तर तीळभर हिरव्या मेंढ्या चरत होत्या. मेंढीसारख्या तोंडाच्या या गोगलगायीचं नाव कोस्टासिएला. ती शेवाळातले हरितद्रव्याचे कण पचवून न टाकता अंगात राखून ठेवते. (काटेकोर मंडळींसाठी: ही न्यूडिब्रँक नव्हे, वेगळ्या गटातली.)

तर ताट कुठं वाढलेलं असतं? बऱ्याचदा कुरूप जागी. इंडोनेशियात उत्तर सुलावेसीला लेंबेची सामुद्रधुनी आहे. तळाशी ज्वालामुखीची काळी वाळू, मधेच फुटकी बाटली, टायर. पहिल्यांदा उतरलो तेव्हा वाटलं, एवढे पैसे खर्चून मुठेत उडी मारली की काय! पण तिथं हरेक दगडावर काहीतरी चिकटलेलं असतं आणि त्यावर कुणीतरी चरत असतं. याला मक डायव्हिंग म्हणतात, म्हणजे गाळातली बुडी. दुसरी जागा फिलिपिन्समधलं अनिलाओ, मनिलापासून गाडीनं दोन-तीन तासांवर. नोव्हेंबर ते मे हंगाम. तिथं प्रवाळही आहे आणि मकही, त्यामुळं पहिली परदेशवारी असेल तर मी अनिलाओच सांगतो. तुलांबेनचा फायदा वेगळा: १९४२ मध्ये टॉर्पेडो लागलेलं ‘लिबर्टी’ जहाज किनाऱ्यावर आणून ठेवलं होतं, १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकानं ते पाण्यात ढकललं. किनाऱ्यावरून चालतच आत शिरायचं, बोटीची घाई नाही. थंड पाण्याची हौस असेल तर नॉर्वेत गुलेन आहे. मला थंडी बाधते.

घाई नसणं महत्त्वाचं. अंदमानात एकदा आठ जणांमागे एक गाईड होता. तो कासवाच्या मागे, आम्ही त्याच्या मागे, गोगलगायी सगळ्या मागे राहिल्या. बुकिंग करताना हॉटेलात एसी आहे का ते नंतर विचारा. एका गाईडमागे किती जण, ते आधी विचारा. चारच्या वर असतील तर मी जात नाही. पाण्याच्या खोलीची चिंता नको, ओपन वॉटर या स्कुबाच्या प्राथमिक परवान्याच्या १८ मीटरमध्ये भरपूर दिसतं. पण पाण्यात अधांतरी स्थिर राहणं पुण्यातल्या तलावातच घोटून जा. पायातला एक फिन तळाला लागला की गाळ उठतो, आणि मागच्याच्या नशिबी नुसता चहा.

मालवणचं काय, असं मागून कुणीतरी विचारलं. तिथं पर्यटकांना देतात त्या पहिल्यावहिल्या डायव्हमध्ये इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरून असतो आणि माशांसोबत फोटो काढतो. मजा येते, गोगलगाय दिसत नाही. त्यापेक्षा कोकणात स्कुबाशिवाय, खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीला बघा. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून अशा फेऱ्या काढतात.

वेळ पंचांगातून काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की संध्याकाळी सव्वापाचला ओहोटी. अंदाजच आहे, भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप आत जातं. चारलाच पोचा, जुने बूट घाला, उचललेला दगड होता तसा परत ठेवा.

आणि थेट गोगलगाय शोधू नका. खडकाला चिकटलेली फितीची गुंडाळी शोधा, बारीक चकलीसारखी. ती अंडी. चकली दिसली की आई-बाप बहुधा वीतभर अंतरात सापडतात. यातली आई कोण विचारू नका. दोघंही आई आणि दोघंही बाप असतात.