लॅम्बडाला स्वतःचा टाइप नसतो

जावात लॅम्बडा, म्हणजे नाव न देता जागच्या जागी लिहिलेलं छोटं फंक्शन, आला तो जावा 8 बरोबर, मार्च 2014 मध्ये. त्याआधी नावांची यादी लांबीनुसार लावायची म्हटली तरी क्रम ठरवणाऱ्या कम्पॅरेटर या इंटरफेसचा अनामिक क्लास लिहायचा, चार-पाच ओळींचा. त्यात कामाची ओळ एकच. लॅम्बडाने बाकीचा पसारा काढला, हे तुम्हाला माहीत आहेच. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर. जावाने फंक्शनसाठी नवा टाइप आणलाच नाही. प्रस्ताव आले होते, बरीच वर्षं वादही झाले. शेवटी नियम ठरला तो एवढाच: ज्या इंटरफेसमध्ये एकच ॲब्स्ट्रॅक्ट मेथड (बॉडी नसलेली) आहे, त्याच्या जागी लॅम्बडा चालेल. अशा इंटरफेसला म्हणतात फंक्शनल इंटरफेस.

या नियमाची कमाल बघा. रनेबल हा इंटरफेस अगदी पहिल्या आवृत्तीपासूनचा, कॉलेबल जावा 5 मधला. त्यांच्या मेथडना हातही न लावता दोघेही फंक्शनल इंटरफेस झाले. जुन्या लायब्रऱ्या, तुमच्या ऑफिसातला दहा वर्षांपूर्वीचा कोड, सगळं आयतंच लॅम्बडा घ्यायला तयार!

आता कम्पॅरेटर उघडून बघा. त्यात बॉडी नसलेल्या मेथड दोन दिसतील, कम्पेअर आणि इक्वल्स. मग एकच कशी? इक्वल्स ही ऑब्जेक्ट क्लासची सार्वजनिक मेथड, प्रत्येक ऑब्जेक्टकडे असतेच, म्हणून ती मोजत नाहीत. रिव्हर्स्ड, देन-कम्पेअरिंग या डिफॉल्ट मेथड, त्यांना बॉडी आहे. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात.

फंक्शनल-इंटरफेस हे ॲनोटेशन लावलंच पाहिजे असं नाही. पण स्वतःच्या इंटरफेसवर लावाच. उद्या कुणी सहज म्हणून दुसरी ॲब्स्ट्रॅक्ट मेथड घुसडली, तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो.

हे सगळं फुकटात मिळालं नाही, बरं का. स्ट्रिंग घेऊन खरं-खोटं सांगणारा प्रेडिकेट आणि स्ट्रिंग घेऊन बूलियन देणारा फंक्शन, काम अगदी तेच. तरी एकाच्या व्हेरिएबलमध्ये दुसरा बसत नाही, कारण जावा नाव बघते, काम नाही. मग मेथड रेफरन्स (लॅम्बडाऐवजी तयार मेथडचं नाव) देऊन वळसा घालायचा. व्हेरिएबलचा टाइप न लिहिता var लिहून त्यात लॅम्बडा टाकलात तर कंपायलर सरळ नकार देतो. समोर इंटरफेस नसेल तर त्याला टाइपच नाही. शिवाय जेनेरिक्सना इंट, लाँग, डबल चालत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी भावंडं करावी लागली. परिणामी जावा 8 च्या java.util.function या पॅकेजमध्ये 43 इंटरफेस! पाठ करत बसू नका. प्रेडिकेट, फंक्शन, सप्लायर, कन्झ्युमर हे चार नीट समजले की बाकीचे नावावरून कळतात.

खरी डोकेदुखी चेक्ड एक्सेप्शनची, म्हणजे जी पकडावी तरी लागते किंवा मेथडवर थ्रोज लिहून जाहीर तरी करावी लागते अशा चुकीची. कॉलेबलच्या कॉलवर थ्रोज आहे, फंक्शनच्या अप्लायवर नाही. त्यामुळे स्ट्रीमच्या मॅपमध्ये (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारी मेथड) फाइल वाचायला गेलात की कंपायलर आडवा येतो. थ्रोज असलेला स्वतःचा इंटरफेस लिहिता येतो, पण मॅप तो घेणार नाही. त्याला फंक्शनच हवा. मग लॅम्बडाच्या आत ट्राय-कॅच लावून अनचेक्ड-आयओ-एक्सेप्शनमध्ये गुंडाळायचं, नाहीतर तेवढ्यापुरता साधा फॉर लूप लिहायचा. मी तरी लूपच लिहितो.