उतारावरचं घर: आधी पाणी, मग पाया

[दृश्य: तीव्र उताराची जागा. दाट झाडी, तळाशी ओढा.]

हे झाड पाहा. शेंडा नको, बुंधा पाहा. जमिनीतून निघताना खोड उताराकडे झुकलंय आणि मग वळसा घेऊन सरळ वर गेलंय. झाड आपलं उभंच वाढत होतं. त्याच्या बुडाखालची माती मात्र वर्षानुवर्षं, तसूतसूने खाली सरकत राहिली. एखादंच झाड असं असेल तर त्याला दहा कारणं असू शकतात. पण ओळीने सगळीच झाडं कोयत्यासारखी वाकलेली दिसली, तर समजायचं की ही जमीन अजून स्थिरावलेली नाही.

अशी जागा घेताना बहुतेकांचं तोंड दरीकडे असतं आणि पाठ डोंगराकडे. सौदा होतो तो समोरच्या देखाव्याचा. आपण जरा उलटं फिरू आणि मागे पाहू. ऐन उन्हाळ्यात एका पट्ट्यातच गवत हिरवंगार का आहे? तिथे आतून पाणी झिरपतंय. माथ्याजवळ जमिनीला कमानीसारखी भेग का आहे? तिच्या खालचा तुकडा सुटू पाहतोय. या खुणा नकाशावर सापडत नाहीत. त्या पायी फिरून पाहाव्या लागतात, आणि शक्य असेल तर भर पावसात.

[दृश्य: उताराचा उभा छेद, रेखाचित्र.]

आता थोडा हिशेब. चार मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली उतरणारी जमीन, म्हणजे साधारण 14 अंशांचा उतार. ऐकायला फार वाटत नाही. पण त्यावर पुढून मागे 12 मीटर लांबीचं घर बसवायचं म्हटलं की मागच्या आणि पुढच्या भिंतीत 3 मीटरचा फरक पडतो. जवळजवळ एक अख्खा मजला. या फरकाचं करायचं काय, या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे जेसीबी लावा, मागची बाजू खोदा, निघालेली माती पुढे टाका आणि जागा सपाट करून घ्या. काम झटपट होतं आणि दिसायलाही छान दिसतं. पण इथे एकाच वेळी दोन गोष्टी बिघडतात. मागे वरच्या मातीचा आधार काढून घेतलेला असतो, आणि पुढे खालच्या उतारावर नवं ओझं चढवलेलं असतं. वर घराचा अर्धा पाया मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर. भराव दाबून बसवला तरी तो मूळ जमिनीइतका घट्ट क्वचितच होतो. तो बसत जातो, आणि काही पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडा निघते. लोक ती तडा भरून रंग मारतात. पुढच्या वर्षी ती पुन्हा तिथेच हजर.

हाँगकाँगने याची फार मोठी किंमत मोजली. 18 जून 1972. सलग मुसळधार पावसानंतर एकाच दिवशी दोन मोठ्या दरडी कोसळल्या. साउ माउ पिंग इथे भरावाचा उतार खचून 71 जण गेले. पो शान रोडच्या उतारावर बांधकामासाठी खोदकाम झालेलं होतं. तिथल्या दरडीने 12 मजली इमारत आडवी केली आणि 67 जणांचा जीव घेतला. 1976 मध्ये साउ माउ पिंगलाच पुन्हा भराव घसरला. त्यानंतर 1977 साली तिथल्या सरकारने फक्त उतारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र तांत्रिक कार्यालय उघडलं.

दोन्ही ठिकाणी पावसाआधीही माती तीच होती, उतारही तोच. पाऊस आला आणि गणित बदललं.

कार्ल टेरझागी या अभियंत्याने 1925 मध्ये मृदायांत्रिकीवरचा, म्हणजे माती भार कसा पेलते या शास्त्रावरचा, पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने मांडलेलं सूत्र सोप्या शब्दांत असं: मातीची ताकद तिचे कण एकमेकांवर किती दाबून बसलेत यावर असते. कणांमधल्या पोकळीत पाणी भरलं आणि त्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. माती 'वंगणासारखी' निसरडी होते असं आपण म्हणतो, पण खरं काम करतो तो आतला दाब.

[दृश्य: संरक्षक भिंत, जवळून. भिंतीतल्या भोकातून पाण्याची धार.]

उतारावरची माती अडवणारी ही भिंत 3 मीटर उंच आहे. तिच्या मागे कोरडी मुरमाड माती असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर अंदाजे पावणेतीन टनांचा रेटा येतो. तीच माती पाण्याने गच्च भरली आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसली, तर रेटा जवळजवळ सहा टनांवर जातो. त्यातले साडेचार टन एकट्या पाण्याचे. म्हणून या भोकांना, बांधकामाच्या भाषेत वीप होलना, भिंतीइतकंच महत्त्व आहे. त्यांच्या मागे खडीचा थर हवा, आणि खडीत माती शिरू नये म्हणून गाळणीचं कापड. बाहेरून भोकं दिसतात आणि आत काहीच नसतं, अशा भिंती काही कमी नाहीत. खर्च वाचतो, दिसत कोणालाच नाही.

मग उताराला हात न लावता घर बांधता येतं का? अगदीच हात न लावता नाही, पण पुष्कळ कमी लावून येतं. घर उतारासोबत पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचं, म्हणजे कुठेही एका मजल्याइतकं खोदावं लागत नाही. किंवा खडकापर्यंत नेलेल्या कॉलमवर ते उचलून धरायचं, म्हणजे पावसाचं पाणी घराखालून आपल्या जुन्या वाटेने निघून जातं. कॉलम किती खोल न्यायचे हे बोअर घेऊन, माती तपासून ठरवायचं. शेजारच्या घरावरून अंदाज बांधायचा नाही. उतारावर वीस मीटरच्या अंतरातही खडक वर-खाली होऊ शकतो.

घर पुढे हवेत काढण्याचा मोहही होतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात फ्रँक लॉइड राइटने 1935 मध्ये आखलेलं फॉलिंगवॉटर हे घर धबधब्यावरच उभं आहे. दिवाणखान्याच्या जमिनीतून मूळ खडक वर आलेला आहे. तो फोडला नाही, त्याचीच शेकोटी केली. जागेचा एवढा मान ठेवलेलं घर क्वचित दिसतं. पण बाहेर झेपावलेला त्याचा मुख्य सज्जा पुढे जवळजवळ सात इंच वाकला, आणि 2002 मध्ये पोलादी केबल ताणून तो सावरावा लागला. जमीन वाचवली तर तिचा भार कुठेतरी लोखंडावर येतोच.

[दृश्य: कामाची जागा, कच्चा रस्ता, ओढ्याकडे जाणारं गढूळ पाणी.]

आणि आता खालच्या ओढ्याचं काय? घरापेक्षा जास्त नुकसान अनेकदा घरापर्यंत जाणारा रस्ता करतो. ट्रक चढावेत म्हणून डोंगराला आडवा काप घेतला जातो, आणि पहिल्याच पावसात तिथली उघडी माती ओढ्यात जाते. तळाच्या गोट्यांमध्ये मासे अंडी घालतात. त्या फटी गाळाने बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. म्हणून मातीकाम कोरड्या दिवसांत उरकायचं, उघडा भाग लगेच काथ्याच्या जाळीने झाकायचा, गाळ अडवणारं कापड समोच्च रेषेवर, म्हणजे सारख्या उंचीवरून, उताराला आडवं बांधायचं. वरची सुपीक माती वेगळी ढीग करून ठेवायची, कारण झाडोरा परत येईल तो तिच्यातूनच.

झाडं तोडण्याचा परिणाम तर उशिरा दिसतो. मुळं लगेच कुजत नाहीत, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं उतार ठीक असतो आणि आपण निर्धास्त होतो. जुनी मुळं कुजून नवी पुरेशी वाढलेली नसतात, तो काळ धोक्याचा.

पण इथे एक पेच आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. वणवा उतारावर वरच्या दिशेने झपाट्याने चढतो. ढोबळ हिशेबाने दर 10 अंशांच्या चढाला त्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे घरालगतच्या खालच्या उतारावर वाळका पालापाचोळा नको आणि मुळं तर हवीत. वाट मधली आहे: मोठी झाडं ठेवायची, त्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या, वाळकं हटवायचं, जमीन मात्र उघडी पडू द्यायची नाही.

छपराचं पाणी हा किरकोळ विषय वाटतो. 100 चौरस मीटर छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. ते एकाच पन्हाळीतून उतारावर सोडलं, तर काही महिन्यांत तिथे ओघळ पडलेली असते. ते पाइपने खाली, पक्क्या जागी न्यायचं आणि दगडांवर त्याचा जोर मोडायचा. सांडपाण्याचा शोषखड्डाही भिंतीच्या वरच्या अंगाला कधीच नको. उतारावर मुरलेलं पाणी थोडं खाली जाऊन पुन्हा बाहेर येतं, आणि येताना सगळं घेऊन येतं.

घर उभं राहिल्यावर दरवर्षी पावसाआधी चर आणि वीप होल साफ करायचे, आणि भर पावसात एकदा छत्री घेऊन भिंतीपाशी जायचं. भोकातून पाणी वाहत असेल तर ठीक. नेहमी वाहणारं भोक पाऊस चालू असताना कोरडं पडलं, किंवा त्यातून अचानक गढूळ पाणी येऊ लागलं, तर भिंतीपासून लांब व्हायचं, घरातल्यांना बाहेर काढायचं आणि अभियंत्याला त्याच दिवशी बोलवायचं.