सोनकी नाय, कारळं हाय

कास मागं टाकून बामणोलीच्या रस्त्याला लागलं की नवरात्राच्या आसपास उतारावर हे असं पिवळंधमक दिसतं आणि लोक गाडी थांबवून, पठारावरचं पिवळं रानफूल समजून, सोनकी सोनकी करत सेल्फी काढतात. सोनकी नाय हो ही. कारळं. तेच, चटणीचं.

आणि मूळचं इकडचं नाहीच हे. इथिओपियाच्या डोंगराळ भागातलं पीक, तिथं नूग म्हणतात, खायचं तेल काढतात त्याचं. शास्त्रीय नावातसुद्धा ॲबिसिनिका आहे, ते इथिओपियाचंच जुनं नाव. आपल्याकडं एवढं मुरलंय की आज्जीला म्हटलं हे आफ्रिकेचं, तर ती नुसती हसली.

आता जवळून बघा. हे आपण एक फूल म्हणतो ना, तो अख्खा गुच्छ आहे. कडेच्या आठेक पाकळ्या म्हणजे एकेक फूल, आणि मधल्या गोलात बारक्या नळ्यांसारखी कितीतरी, बाहेरच्या रांगेपासनं उमलत उमलत आत सरकतात. ही सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, बघा कशी गोल फिरतीये, ह्या नळीत तोंड, त्या नळीत तोंड, मागच्या पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या. गंमत अशी की कारळ्याला स्वतःचे पराग चालतच नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात, म्हणजे शेजारी खेटून उभं असलं तरी कुणीतरी नेऊन द्यायलाच पाहिजे, आणि ते काम हिचं. माशी नाय आली तर फुलं भरपूर, बी पोचट. दोन तास आम्ही हेच शूट करत बसलो, एक तर लेन्सवरच येऊन बसली.

आज्जी म्हणते, "जनावर तोंड लावत न्हाय ह्याला, म्हणून बांधाकडंनं टाकायचं." वरकस रान, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, त्यात नाचणी-वरी, आणि कडेनं हे.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे. पण पाऊस सरता सरता माशीला असा चारा लागतो, मधाच्या बाटलीवर कारळ्याचा फोटो बघितलाय कधी? इकडं वरकस रानांचे प्लॉट पडतायत, कारळं कमी होत चाललंय.

हे बी. काळं, चकचकीत, बारीक. तव्यावर तडतडलं की खाली उतरवायचं, लसूण, लाल मिरची, मीठ. इथनं पुढं व्हिडिओतलं म्युझिक काढलंय, खलबत्त्याचाच आवाज ठेवलाय.