पुणे स्टेशनवरचे दोन पोलीस

नमस्कार श्रोतेहो. पुणे स्टेशनवर सामान चोरीला गेलं, तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवायची. हे महाराष्ट्र सरकारचे पोलीस. त्याच फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाचा जवान उभा असतो, तो केंद्राचा. रेल्वे केंद्रसूचीत, म्हणजे केंद्रानं कायदे करायच्या विषयांच्या यादीत; पोलीस राज्यसूचीत, म्हणजे राज्याच्या यादीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनं केलेली ही वाटणी, आणि गर्दीत आपल्याला तिचा पत्ताही नसतो! तिसरी समवर्ती सूची. तिथं केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. विसंगती आली तर साधारणपणे केंद्राचा कायदा टिकतो. शिक्षण 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं राज्याकडून या सूचीत गेलं.

संघराज्यात राज्याला अधिकार दिल्ली देत नाही, घटना देते. महापालिकेचं तसं नाही. 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, ती राज्य सरकारच्या अधिसूचनेनं. महापालिका चालते राज्याच्या कायद्यावर.

अर्थात आपलं संघराज्य केंद्राकडे झुकलेलं आहे, हे लपवण्यात काय हशील? राज्याची हद्द संसद बदलू शकते. विधानसभेचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नसतं. राष्ट्रपती राजवटीचा सर्रास वापर मात्र 1994 च्या बोम्मई निकालानंतर अवघड झाला. बहुमताचा फैसला सभागृहात व्हावा, राजभवनात नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं.

मला विचाराल तर खरी कसोटी लागते पाण्यावर. पाणी राज्यसूचीत आहे. पण खडकवासल्याखाली मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा कर्नाटकात जाऊन कृष्णेला. मग एकट्या राज्याचं कसं चालणार? त्यासाठी 1956 चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा आहे. त्याखाली 1969 मध्ये कृष्णेच्या पाणीवाटपासाठी बच्छावत लवाद नेमला गेला. 1976 च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला 560 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी, कर्नाटकाला 700, आंध्र प्रदेशाला 800. पुण्याचं पाणी त्या 560 मधलंच. शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, हे भांडण राज्यातल्या राज्यात मिटवता येतं. 560 चा आकडा वाढवणं मात्र मंत्रालयाच्या हातात नाही. 2004 मध्ये दुसरा लवाद नेमला; 2010 मध्ये त्याचा निवाडा आला, पण तो राजपत्रात प्रसिद्ध करू नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये दिला. 2014 मध्ये तेलंगणा झालं, आणि वाटेकरी आणखी एक वाढला.