बिगुलाच्या हुकमावर चालणारी पलटण

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत जर्मनीत जन्मलेले सुमारे दोन लाख सैनिक होते. त्यातले बरेचसे मिश्र पलटणींत विखुरलेले होते, पण काही पलटणी मात्र शिपायापासून कर्नलपर्यंत जर्मनच होत्या. इंडियाना राज्याची ३२वी इन्फंट्री रेजिमेंट ही त्यांपैकी एक. २४ ऑगस्ट १८६१ रोजी इंडियानापोलिसला ती सेवेत दाखल झाली. आज आपण बोलणार आहोत ते प्रामुख्याने तिच्या कवायतीबद्दल, कारण ही पलटण जिथे टिकली तिथे कवायतीच्या जोरावर टिकली, आणि जिथे मोडली तिथे कवायतीला वावच उरला नव्हता.

पलटणीचा कर्नल होता ऑगुस्ट विलिश. हा प्रशियाच्या तोफखान्यातला जुना अधिकारी. पुढे नोकरी सोडून १८४९ साली जर्मनीतल्या बाडेनच्या उठावात तो क्रांतिकारकांच्या तुकडीचा प्रमुख झाला आणि तेव्हा त्याचा सहायक होता कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रीडरिश एंगल्स. उठाव फसल्यावर आधी लंडन, मग १८५३ मध्ये अमेरिका. तिथे त्याने गोदीत सुतारकाम केले, नंतर सिनसिनाटीला कामगारांचे जर्मन वर्तमानपत्र चालवले. पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाला इंडियानाच्या गव्हर्नर मॉर्टनने बोलावून पलटण सोपवली.

हाताखाली आलेले तरुणही अगदीच कोरे नव्हते. जर्मन वस्ती असलेल्या गावोगावी टर्नर मंडळांच्या व्यायामशाळा होत्या; आपल्याकडच्या तालमीच म्हणा. सांघिक कसरतीची सवय असलेली पोरे तिथून येत. विलिशने त्यांना प्रशियन पद्धतीचे बिगुलाचे इशारे शिकवले. बंदुकांच्या गदारोळात अधिकाऱ्याचा आवाज वीस पावलांपलीकडे पोचत नाही, बिगूल मात्र पोचतो. पसरा, जमा, मागे फिरा, चौकोन करा, असा प्रत्येक हुकूम सुरावरून ओळखायचा. छावणीत तो शिपायांना ‘नागरिकहो’ म्हणून हाक मारी, आणि विटांच्या भट्ट्या बांधून त्यांना ताजा पाव मिळेल अशी व्यवस्था करी. मला ही भट्टी आणि तो बिगूल एकाच विचारातून आलेले वाटतात. माणसाला नीट खाऊ घालायचे आणि त्याच्याकडून नीट काम करून घ्यायचे.

पहिली कसोटी लागली १७ डिसेंबर १८६१ रोजी, केंटकीत मनफर्डव्हिलजवळच्या रोलेट्स स्टेशनला. ग्रीन नदीवरचा रेल्वेपूल शत्रूने उद्ध्वस्त केलेला. त्याची दुरुस्ती चालू असताना सैन्याला ये-जा करण्यासाठी शेजारी तरंगता पूल टाकलेला, आणि पलीकडच्या काठावर ३२व्या इंडियानाच्या कंपन्या पहाऱ्याला. त्यांच्यावर दक्षिणेच्या जनरल हिंडमनचे पायदळ, तोफा आणि टेक्सास रेंजर्सचे घोडदळ चालून आले. विलिश तेव्हा मुख्यालयात गेलेला होता, त्यामुळे लढाईचा बराचसा भार लेफ्टनंट कर्नल फॉन ट्रेब्राने पेलला.

घोडेस्वार पंधरा-वीस यार्डांवर येऊन बार काढत होते. कॅप्टन वेल्शबिलिशच्या कंपनीने चौकोन केला. चौकोन म्हणजे चारही बाजूंनी बाहेर तोंड करून उभी राहिलेली माणसे, पुढे संगिनींचे कुंपण आणि अधिकारी मध्ये. माणूस कितीही टाच मारो, घोडा संगिनींच्या भिंतीवर उडी घेत नाही. तो वळतो, आणि वळताना त्याची कूस बंदुकीसमोर येते. मात्र अट अशी की गोळी अगदी जवळून झाडायची आणि सगळ्यांनी एकदम झाडायची नाही. सगळ्या नळ्या एकाच वेळी रिकाम्या झाल्या की पुढचा हल्ला फक्त संगिनींवर झेलावा लागतो. दुसरा धोका तोफेचा: दाटीने उभ्या असलेल्या माणसांत एक गोळा पडला तर हाहाकार होतो. म्हणून घोडदळ परतले की चौकोन लगेच मोडायचा. त्या दिवशी रेंजर्सचा कर्नल टेरी ठार झाला, हल्ला परतला. पलटणीची १३ माणसे गेली.

७ एप्रिल १८६२ रोजी, टेनेसीतल्या शायलोच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी, मारा असह्य होऊन रांग डगमगू लागली. विलिश शत्रूकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने गोळ्यांच्या वर्षावात पलटणीकडून बंदुकीची कवायत करून घेतली, अगदी परेड मैदानावर करतात तशी. हात ओळखीच्या कामाला लागले, रांग सावरली, आणि मग पुढे चालून जाण्याचा हुकूम आला.

आता मोडल्याची गोष्ट. ३१ डिसेंबर १८६२, टेनेसीतली स्टोन्स रिव्हरची लढाई. ब्रिगेडियर जनरल झालेला विलिश पहाटे वरिष्ठांकडे गेलेला, शिपाई कॉफी उकळत होते. हल्ला पहिल्यांदा शेजारच्या कर्कच्या ब्रिगेडवर, म्हणजे काही पलटणींच्या गटावर, झाला, आणि तिचे पळणारे शिपाई थेट विलिशच्या माणसांवर येऊन आदळले. समोर आपलीच माणसे, मग बार काढायचा कुणावर? रांग धरायलासुद्धा जागा राहिली नाही. परतणारा विलिश शत्रूच्याच गर्दीत शिरला, घोडा मारला गेला आणि तो कैद झाला. दक्षिणेची राजधानी रिचमंड इथल्या लिबी तुरुंगातून सुटून तो १८६३ मध्ये परत आला, तो एक नवी पद्धत घेऊन.

त्या काळची बंदूक ठासणीची. काडतूस दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, गज परत खाचेत घालायचा, ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, बंदुकीचा घोडा ओढायचा. नियमपुस्तकात भरण्याच्या एकूण ९ पायऱ्या होत्या. सराईत शिपाई मिनिटाला ३ बार काढी. भरण्यासाठी थांबले की हल्ल्याचा वेग मरतो, आणि न थांबता धावले तर नळी रिकामी. विलिशने माणसे चार रांगांत उभी केली. पहिली रांग बार काढून जागेवरच भरायला लागे. मागची रांग तिच्यामधून पुढे येई, काही पावलांवर थांबून बार काढी. मग तिच्या मागची. चौथी येईपर्यंत पहिली भरून तयार. आगही थांबत नाही आणि चालही.

यात चुकायला जागा पुष्कळ. मधले अंतर राखले नाही तर मागचा पुढच्याला अडखळतो. कुणी आपली पाळी येण्याआधी बार काढला तर आपलाच माणूस पडतो. घाईत गज नळीतच राहिला तर तो गोळीबरोबर उडून जातो, मग पुढचे बार भरायचे कशाने? शिवाय पेटीत ४० काडतुसे. ती या गतीने पाहता पाहता संपतात. ब्रिगेडने ही पद्धत २५ जून १८६३ रोजी लिबर्टी गॅपला वापरली. नोव्हेंबरमध्ये मिशनरी रिज या डोंगररांगेवर पायथ्याचे खंदक घेण्याचा हुकूम होता, पण तिथे थांबणे म्हणजे वरून तोफांचा मारा खात बसणे. विलिशची माणसे चढण चढून गेली. माथा गाठणाऱ्या पहिल्या काही पलटणींत ३२वी होती.

मे १८६४ मध्ये जॉर्जियातल्या रेसाकाच्या लढाईत विलिश खांद्याला जबर जखमी होऊन आघाडीवरून कायमचा गेला. त्याच सप्टेंबरात बहुतेकांची तीन वर्षांची मुदत संपली, उरलेल्यांची छोटी बटालियन टेक्सासमध्ये ४ डिसेंबर १८६५ पर्यंत राहिली. लढाईत १७१ गेले, रोगराईत ९७. उत्तरेच्या एकूण फौजेत प्रमाण याच्या उलटे होते. तिथे रोगाने गेलेले लढाईत गेलेल्यांच्या जवळपास दुप्पट.

रोलेट्स स्टेशनच्या त्या १३ जणांसाठी ऑगुस्ट ब्लोएडनर या त्यांच्याच पलटणीतल्या शिपायाने १८६२च्या सुरुवातीला तिथल्याच चुनखडीच्या दगडातून स्मारक कोरले. वर पंख पसरलेला गरुड आणि झेंडे, खाली जर्मनमध्ये मजकूर. यादवी युद्धाचे आज टिकून असलेले हे सर्वांत जुने स्मारक. १८६७ मध्ये ते मृतांबरोबर लुईव्हिलच्या केव्ह हिल दफनभूमीत नेले. दगड कोरायला सोपा, पण पाणी मुरले आणि गोठले की त्याचे पापुद्रे सुटत. कोरलेली अक्षरे त्यांच्याबरोबरच गळून पडली. २००८ मध्ये मूळ दगड तिथून हलवला. तो आता लुईव्हिलच्या फ्रेझर संग्रहालयात पावसापासून आडोशाला आहे, आणि दफनभूमीत त्या १३ जणांजवळ त्याची नवी प्रतिकृती उभी आहे.