४२ व्या वर्षी नवखा: सॅचेल पेज

९ जुलै १९४८, अमेरिकेतलं क्लीव्हलंड, बेसबॉलची मॅच. एक उंच काटकुळा पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, मैदानात येतोय, एकदम रमतगमत, घाई अशी नाहीच. कागदावर हा मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमधला नवखा, वय ४२. मग इतकी वर्षं हा काय करत होता? तर पिचिंगच करत होता की! फक्त मेजर लीगमध्ये काळ्या माणसाला एन्ट्री नव्हती, आणि तसा लेखी नियम कुठेच नव्हता बरं का, मालकांनी आपापसात ठरवून टाकलेलं.

म्हणून काळ्यांच्या वेगळ्या लीग्ज, निग्रो लीग्ज. सॅचेल पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडून खेळला, कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळला, पण खरा पैसा गावोगाव फिरून मॅचेस खेळण्यात होता. ज्या गावात लोक तिकीट काढून बघायला यायचे तिथेच बऱ्याचदा हॉटेलात खोली मिळायची नाही, मग झोपा बसमध्येच.

त्याचे किस्से तर भन्नाट. चालू मॅचमध्ये फिल्डर्सना आत बोलवायचा, म्हणायचा बसा निवांत, आणि समोरच्याला एकटाच आउट करायचा. ह्यावरून लोक त्याला जोकर ठरवतात ते मला अजिबात पटत नाही, कारण गर्दी त्याच्या नावावर यायची आणि गेटच्या पैशातला वाटा तो ठणकावून मागायचा, ही नौटंकी म्हणजे त्याचा धंदा होता. आणि पिचिंगमध्ये दम होताच. १९४२ ची निग्रो वर्ल्ड सिरीज, म्हणजे निग्रो लीग्जची फायनल, तिन्ही बेसवर समोरच्या टीमचे रनर उभे, समोर जॉश गिब्सनसारखा खतरनाक बॅटर, आणि सॅचेलनं त्याला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये घरी पाठवलं! त्याआधी १९३८ ला मेक्सिकोत हात पार गेला होता, सगळ्यांना वाटलं संपला.

तर १९४८ ला क्लीव्हलंडच्या टीमनं घेतलं तेव्हा पब्लिसिटी स्टंट म्हणून ओरड झाली. पठ्ठ्यानं त्या सीझनला ६ मॅचेस जिंकल्या, १ हरला. ऑगस्टमधल्या एका रात्री त्याला बघायला ७८ हजारांवर लोक आले, आणि त्या वर्षी टीमनं वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनलही मारली.

१९६५ ला ५९ व्या वर्षी दुसऱ्या एका टीमकडून मेजर लीगमध्ये परत आला, बाजूला डुलणारी खुर्ची आणि एक नर्स बसवलेली, सगळा तमाशा त्या टीमच्या मालकाचा. पण त्यानं तीन इनिंग टाकल्या आणि हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, दिला फक्त एक.

१९६८ ला अटलांटा ब्रेव्हजनं त्याला टीममध्ये घेतलं, का तर पेन्शनला दिवस कमी पडत होते. बाहेर ठेवलं ती वर्षं थोडीच धरणार कोणी! हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, १९७१ ला घेतलं, तेही आधी निग्रो लीग्जवाल्यांचा वेगळा विभाग करायचं चाललेलं, लोक भडकले तेव्हा कुठे बाकीच्यांच्या बरोबरीनं त्याची पाटी लागली.