सवलत गरीब देशाच्या नावाने, रिफंड मात्र दुसऱ्यालाच

हा जो कागद स्क्रीनवर दिसतोय ना, तो अमेरिकेत माल उतरवताना आयातदाराला भरावा लागणारा कस्टमचा फॉर्म. यात वस्तूचा टॅरिफ नंबर असतो आणि काही वेळा त्या नंबरच्या आधी एकच अक्षर टाकलेलं असतं, ए. त्याचा अर्थ, हा माल विकसनशील देशातून आलाय, याला जीएसपीची, म्हणजे गरीब देशांच्या मालाला ड्युटी माफ करणाऱ्या योजनेची सवलत आहे, ड्युटी शून्य लावा. पण ही सवलत 31 डिसेंबर 2020 ला संपली, आणि तरी आयातदार हा ए टाकतच राहिले! म्हणजे ड्युटी पूर्ण भरायची आणि वर सवलतीचं अक्षरही टाकायचं. वेडेपणा नाहीये तो, फार हिशोबीपणा आहे, कसा ते येईल पुढे.

आधी ही भानगड सुरू कशी झाली ते बघू. जागतिक व्यापाराचा मूळ नियम असा की एका देशाला जो आयात शुल्काचा दर लावला तोच बाकी सगळ्यांनाही लावायचा, दुजाभाव नाही. ऐकायला छान आहे, पण नुकतीच फॅक्टरी टाकलेला गरीब देश आणि शंभर वर्षं मशीन चालवणारा श्रीमंत देश एकाच दराने दारात उभे राहिले तर गिऱ्हाईक कुणाकडे जाणार हे सांगायला नको. म्हणून 1968 ला संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचं, म्हणजे अंक्टाडचं, दुसरं अधिवेशन नवी दिल्लीत भरलं तेव्हा ठराव झाला की श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या मालाला कमी ड्युटी लावावी आणि बदल्यात काही मागू नये. 1971 ला गॅट या जागतिक व्यापाराच्या करारात यासाठी दहा वर्षांची सूट मिळाली, 1979 ला ती कायम झाली. युरोपने 1971 पासूनच सवलत सुरू केली, अमेरिकेची 1 जानेवारी 1976 पासून.

आता गोम कुठंय बघा. कायम झाली ती फक्त सवलत देण्याची परवानगी. द्यायची का, कुणाला, कुठल्या वस्तूवर, किती दिवस, हे सगळं देणाऱ्याच्या हातात. करार असता तर दोघांच्या सह्या असत्या, मोडला तर भांडता आलं असतं. इथे आले देवाजीच्या मना असा कारभार. आणि अमेरिकेत तर हा कायदा मुदतीचाच असतो, मुदत संपली की काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पुन्हा मतदान करायचं, आणि काँग्रेसला तेवढ्यात दुसरी शंभर कामं असतात.

जुलै 2013 ला मुदत संपली, नवा कायदा झाला जून 2015 ला. जवळजवळ दोन वर्षं! मग डिसेंबर 2017 ला संपली, मार्च 2018 मध्ये पुन्हा चालू. मग डिसेंबर 2020 ला संपली आणि पुढची सगळी वर्षं नुसती विधेयकं आणि चर्चा. यादीत 119 देश आणि प्रदेश होते, साडेतीन हजारांच्या आसपास वस्तू, अगदी गरीब देशांसाठी अजून दीडेक हजार जास्त.

तर तो ए. 2015 आणि 2018, दोन्ही वेळा काँग्रेसने मुदतवाढ मागच्या तारखेपासून दिली आणि मधल्या काळात भरलेली ड्युटी परत केली, बिनव्याजी का होईना. ज्यांनी ए टाकून ठेवला होता त्यांना रिफंड आपोआप आला. म्हणून आजही टाकतात, आशेवर.

पण रिफंड मिळाला कुणाला? ड्युटी भरतो अमेरिकेतला आयातदार, तर पैसे परत त्यालाच. आणि मधल्या काळात त्या आयातदाराने काय केलेलं असतं? कंबोडियातल्या बॅग शिवणाऱ्याला सांगितलेलं असतं की बाबा ड्युटी वाढलीय, रेट कमी कर नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. त्याने केला कमी. तो कमी केलेला रेट काही रिफंडबरोबर परत येत नाही हो. नायलॉन-पॉलिस्टरच्या बॅकपॅकवर अमेरिकेत 17.6 टक्के ड्युटी आहे, जीएसपीत ती शून्य होती, 2016 पासून अशा ट्रॅव्हल बॅगा कंबोडियासारख्या अगदी गरीब देशांच्या यादीत आल्या आणि त्या भरवशावर कंबोडियात बॅगांचं काम भरभर वाढलं. साडेचार वर्षांत, 2020 अखेर, मुदत संपली. वाढवलेल्या मशीन तिथेच, कामाला घेतलेली माणसं तिथेच, आणि अचानक 17.6 टक्के.

मला तरी वाटतं की ड्युटीच्या आकड्यापेक्षा ही मुदतीची तारीखच जास्त नुकसान करते. कारण मोठे ब्रँड ऑर्डर कित्येक महिने आधी देतात. माल पोचायच्या वेळी दर काय असेल हे माहीत नसेल तर खरेदी करणारा माणूस सगळ्यात वाईट दर धरूनच हिशोब करतो. म्हणजे सवलत कागदावर जिवंत असतानाच बाजारात मेलेली असते. नंतर मुदतवाढ आली तरी ते वरातीमागून घोडं.

लेसोथोचंच बघा. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला छोटा डोंगराळ देश. तिथल्या मासेरूमध्ये अमेरिकन ब्रँडच्या जीन्स शिवल्या जातात, ट्रकने डर्बन बंदरात जातात आणि तिथून जहाजाने अमेरिकेला. हे शक्य झालं 2000 सालच्या अगोआ कायद्यामुळे, आफ्रिकेसाठीची वेगळी सवलत, जीएसपीत जे कपडे जवळजवळ बसतच नव्हते ते यात बसले. आणि एक मोठी मोकळीक, गरीब देशांनी कापड चीन-तैवानमधून आणून शिवलं तरी चालेल. सुती जीन्सवर अमेरिकेची साधी ड्युटी 16.6 टक्के, सिंथेटिक टीशर्टवर तर 32 टक्के, ती सगळी माफ. 2015 ला अगोआ दहा वर्षांसाठी वाढवला, 30 सप्टेंबर 2025 पर्यंत.

आणि त्या शेवटच्या वर्षात काय झालं? मार्चमध्ये ट्रम्प अमेरिकन काँग्रेससमोर म्हणाले की लेसोथोचं नाव कुणी ऐकलेलं नाही. एप्रिलमध्ये त्याच लेसोथोवर 50 टक्के टॅरिफ जाहीर, मग स्थगिती, मग ऑगस्टमध्ये 15 टक्के. आणि 30 सप्टेंबर आली तशी गेली, मुदतवाढ वेळेत झालीच नाही. ऑर्डर तर एप्रिलपासूनच आटायला लागल्या होत्या, जुलैमध्ये सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. पूर नाही, भूकंप नाही, बेरोजगारीमुळे.

काही वेळा मुदत असतानाच सवलत काढून घेतात. भारताची काढली 5 जून 2019 ला, तेव्हा भारत हा अमेरिकन जीएसपीचा सगळ्यात मोठा लाभार्थी होता. कारण काय तर, अमेरिकेचं म्हणणं, आमच्या मालाला तुमच्या बाजारात नीट प्रवेश नाही, डेअरीचे नियम आडवे येतात, स्टेंटच्या किमतींवर तुम्ही मर्यादा घातलीत. बिनशर्त सवलतीच्या ठरावाचं गाव नवी दिल्ली, हा योगायोग सोडून द्या. रवांडाने जुन्या कपड्यांच्या आयातीवर ड्युटी वाढवली, स्वतःचा कापडधंदा उभा राहावा म्हणून, तर 2018 ला त्यांची अगोआतली कपड्यांवरची सवलत गेली. इथिओपियाची अगोआ सवलत 1 जानेवारी 2022 ला गेली, कारण तिथल्या तिग्रे प्रांतातलं युद्ध आणि मानवाधिकार. कारण गंभीरच होतं, नाही कोण म्हणतंय, पण हवासाच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये शिलाई करणाऱ्या मुली काही युद्ध करत नव्हत्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

बांगलादेशची गोष्ट तर अजून विचित्र. 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळून 1,100 च्या वर माणसं गेली, त्यानंतर दोन महिन्यांत अमेरिकेने कामगारांच्या सुरक्षेचं कारण देऊन त्यांची जीएसपी थांबवली. पण त्या यादीत रेडिमेड कपडे मुळात नव्हतेच! म्हणजे शिक्षा झाली ती ज्या धंद्यात हे घडलं तो सोडून बाकीच्यांना.

बांगलादेशचं खरं पोट चालतं युरोपवर. अगदी गरीब देशांना युरोप 2001 पासून शस्त्रं सोडून सगळ्यावर शून्य ड्युटी देतो, नाहीतर कपड्यांवर साधारण 12 टक्के लागते. पण त्या गरीब देशांच्या यादीतून बांगलादेश बाहेर पडणार, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2021 ला त्यासाठी तारीख ठरवली 24 नोव्हेंबर 2026. देश पुढे गेला म्हणून सवलत जाणार. युरोपने वर तीन वर्षं दिलीत, पण त्यानंतर जीएसपी प्लस ही युरोपची पुढच्या पायरीची सवलत मिळाली तरी नियम कडक होणार, नुसतं शिवून भागणार नाही, कापडही तिथेच विणलेलं पाहिजे. टीशर्टवाले निभावतील, होजिअरीचं कापड ढाक्याच्या आसपासच विणलं जातं. शर्ट-पँटवाल्यांचं अवघड आहे, त्यांचं बरंचसं कापड बाहेरून येतं, जास्त करून चीनमधून, आणि कापड गिरणी उभी करायला जो पैसा आणि गॅस लागतो तो काही तीन वर्षांत गोळा होत नाही.